बॉर्नहोमचे सूर्यदगड : नवस बोलला, की फेडला?

काळा, चपटा, तळहातावर सहज मावणारा दगडाचा तुकडा. जात शाळेच्या जुन्या पाटीची, पण तिच्याहून ठिसूळ. भूशास्त्रज्ञ या दगडाला शेल म्हणतात. कोणीतरी चकमकीचे टोकदार छिलके हातात धरून या तुकड्याच्या मधोमध एक लहान वर्तुळ कोरले, वर्तुळापासून काठापर्यंत रेघा ओढल्या आणि रेघांमधल्या काही जागा आडव्या-तिरप्या बारीक ओरखड्यांनी भरून काढल्या. पाटीवर पेन्सिल ओढली की फिकी रेघ उठते, तसाच या दगडावरचा ताजा ओरखडा काळ्यावर करडा-पांढरा उमटतो. कोरणाऱ्याच्या हातात असताना ते चित्र लख्ख दिसले असणार. मग तो दगड एका चरात गेला, वर माती पडली आणि जवळजवळ ४,९०० वर्षे तो तिथेच राहिला. डेन्मार्कच्या बॉर्नहोम बेटावर असा पहिला दगड १९९५ साली रिस्पेब्यर्ग या ठिकाणी सापडला. पुढे २०१३ ते २०१८ या काळात त्याच बेटावरच्या वासागोर येथे उत्खनन झाले आणि असे दगड व त्यांचे तुकडे मिळून ६१४ निघाले. डॅनिश लोक त्यांना सूर्यदगड म्हणतात. सगळ्यांवर सूर्य नाही. काहींवर कणसासारखी किंवा फांदीसारखी झाडे आहेत, काहींवर जाळीदार चौकडी आहे. २०१६ साली तुकड्या-तुकड्यांनी मिळालेल्या एका दगडावरची रेषाकृती तर शेतांच्या बांधांसारखी दिसते, म्हणून त्याला नकाशाचा दगड असे नाव पडले. त्याचेही सगळे तुकडे मिळालेले नाहीत.

२०२५च्या जानेवारीत ‘अँटिक्विटी’ या पुरातत्त्वाच्या नियतकालिकात कोपनहेगन विद्यापीठाचे रूने इव्हर्सन, राष्ट्रीय संग्रहालयाचे पॉल ओटो नील्सन, हिमगाभ्यांचे अभ्यासक यॉर्गन पेडर स्टेफेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दगडांवर एक लेख लिहिला. इ.स.पू. २९००च्या सुमारास कुठेतरी मोठा ज्वालामुखी फुटला, सूर्य झाकोळला, पिके बुडाली आणि त्या काळातच बॉर्नहोमच्या शेतकऱ्यांनी हे दगड पुरले, असा त्यांच्या मांडणीचा गाभा. जगभरच्या बातम्यांतून यातले एकच चित्र पसरले : अंधारलेल्या आभाळाखाली भेदरलेली माणसे सूर्याला साकडे घालताहेत. अभ्यासकांनी स्वतः दुसरी शक्यताही मोकळी ठेवली होती. सूर्य परत आला म्हणून कृतज्ञतेनेही हे दगड अर्पण झाले असतील. ती शक्यता बातम्यांत मागे पडली, आणि माझ्या मते पुराव्याचे वजन तिच्याच बाजूला अधिक आहे. मराठीत या दोन कृतींसाठी दोन वेगळी क्रियापदे तयार आहेत, नवस बोलणे आणि नवस फेडणे. पहिल्यात संकट समोर उभे असते, दुसऱ्यात ते टळलेले असते. पाच हजार वर्षांपूर्वीच्या डॅनिश शेतकऱ्यांना आपला नवस चिकटवणे हा माझा हेतू नाही. पण या दोन क्रियापदांमुळे एक नेमका प्रश्न हाती येतो, आणि तो प्रश्न चरातल्या मातीला विचारता येतो.

आधी जागा समजून घेतली पाहिजे. बॉर्नहोम हे बाल्टिक समुद्रातले ५८८ चौरस किलोमीटरचे बेट. डेन्मार्कचे असले तरी स्वीडनच्या किनाऱ्याला अधिक जवळ. ते ५५ उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या मध्यानंतर तिथे दिवस जेमतेम सात तासांचा असतो, जूनमध्ये साडेसतरा तासांच्या आसपास. मुंबईत सर्वांत लहान दिवसही अकरा तासांचा. त्यामुळे सूर्य कमी-जास्त होतो म्हणजे काय, हे तिथल्या शेतकऱ्याला दरवर्षी अंगावर कळत होते. दक्षिण स्कँडिनेव्हियात शेती पोहोचली ती इ.स.पू. ४०००च्या सुमारास. गहू, जव, गुरे, डुकरे, शेळ्या-मेंढ्या आणि वरच्या बाजूला पसरट तोंडाची मातीची भांडी. या भांड्यांवरूनच त्या संस्कृतीला फनेल-बीकर, म्हणजे नरसाळी-चंबूंची संस्कृती, हे नाव मिळाले. याच लोकांनी प्रचंड शिळांची थडगी बांधली. आणि इ.स.पू. ३५००च्या सुमारास त्यांनी आणखी एक गोष्ट सुरू केली : मोकळ्या जमिनीला चरांनी घेरणे. हे चर सलग नसतात. एक चर, मग न खोदलेली जमीन, मग दुसरा चर, अशी तुटक माळ असते. शत्रूला अडवायचे असते तर मध्ये इतक्या वाटा कोणी सोडल्या नसत्या. फ्यून बेटावर सारुप येथे नील्स अँडरसन यांनी १९७१पासून अनेक वर्षे खणून असे एक आवार उघडे केले. साडेआठ हेक्टरांच्या त्या जागेला चरांच्या आत उंच लाकडी कुंपणही होते, आणि परिसरात शंभराहून अधिक महापाषाणी थडगी होती. माणसे तिथे कायम राहत नव्हती. ती ठरावीक वेळी जमत, खात-पीत, भांडी फोडत, हाडे-कवट्या ठेवत आणि निघून जात.

वासागोर हे अशाच आवारांपैकी एक. लेसो नावाच्या लहानशा नदीच्या दोन्ही काठांवर ते पसरले आहे. सूर्यदगड निघाले ते पश्चिम काठावरच्या चरांतून. इथे एक तपशील नीट लक्षात ठेवायला हवा. चर खोदले गेले इ.स.पू. ३५००च्या आसपास आणि दगड पुरले गेले इ.स.पू. २९००च्या आसपास. मध्ये सहाशे वर्षे गेली. पणजोबांच्या पणजोबांनाही ही जागा जुनीच वाटली असेल. म्हणजे दगड पुरणाऱ्यांनी घाबरून कुठेतरी नवे देवस्थान उभारले नाही. जी जागा पिढ्यान्‌पिढ्या देण्याघेण्याची होती तिथेच ते आले. दगडांसोबत त्याच थरात जनावरांची हाडे, फुटकी भांडी आणि चकमकीच्या वस्तू आहेत. एखाद्या मोठ्या जेवणावळीनंतर जे उरते तेच हे सगळे. आणि त्यानंतर चर बुजवून बंद करण्यात आले. पुढे त्या जागेचे रूपच बदलले.

पहिला आक्षेप चित्रावरच येतो. वर्तुळ आणि रेघा म्हणजे सूर्यच कशावरून? आक्षेप गंभीर आहे, कारण याच लोकांच्या काही भांड्यांवर माणसाच्या चेहऱ्याची खूण असते आणि तिथले डोळे नेमके असेच काढलेले असतात : मधे गोल, भोवती किरणांसारख्या रेघा. मग सूर्यदगड हे डोळेदगड का नसावेत? फूल का नसावे? चाकही उत्तर युरोपात तोवर आलेले होते. शिवाय उत्तरेतला सूर्यपूजेचा जो प्रसिद्ध पुरावा, १९०२ साली सापडलेला ट्रुंडहोमचा घोड्याने ओढलेला कांस्य-सोन्याचा सूर्य, तो इ.स.पू. १४००च्या सुमाराचा, म्हणजे दीड हजार वर्षांनंतरचा. त्याच्यावरून मागे उडी मारणे बरोबर नाही, आणि स्वीडनमधल्या तनुमच्या प्रसिद्ध कातळचित्रांवरूनही नाही, कारण तीही कांस्ययुगाचीच. एकच दगड हाती असता तर मीही इथेच थांबलो असतो. पण सहाशे दगड एकत्र ठेवले की चित्रे एकमेकांना अर्थ देऊ लागतात. किरणांच्या शेजारी कणीस आहे, कणसाच्या शेजारी बांध घातल्यासारखी चौकडी आहे. डोळ्याशेजारी कणीस का यावे याचे सरळ उत्तर मिळत नाही. सूर्याशेजारी ते का यावे हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आणि डोळा व सूर्य हे त्या माणसांना परस्परांहून वेगळे वाटत होते, असे तरी आपण का धरून चालावे? पाहणारा गोल आणि तळपणारा गोल एकच, ही कल्पना जगात अनेक ठिकाणी आढळते. तरीही माझा मुद्दा चित्राच्या अर्थावर टेकलेला नाही. रेघांना किरण न म्हणता नुसत्या रेघा म्हटले, तरी सहाशेहून अधिक दगड एका जागी, जेवणावळीच्या अवशेषांसह, चर बुजवण्याआधी शेवटचे म्हणून ठेवले गेले, हे शिल्लक राहते. चित्रापेक्षा चित्राची जागा अधिक ठामपणे बोलते.

आता ज्वालामुखी. त्याचा मागोवा ज्या पद्धतीने घेतला गेला ती पद्धतच मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. मोठा उद्रेक झाला की राखेपेक्षा गंधकाचा वायू जास्त नुकसान करतो. राख काही दिवसांत खाली बसते. गंधक डायऑक्साइड मात्र पाऊस-ढगांच्या वर, स्थितांबरात पोहोचला तर तिथे त्याचे सल्फेटचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. तिथे पाऊस नसल्यामुळे ते धुऊन निघत नाहीत. वारे त्यांना पृथ्वीभर फिरवतात आणि वर्ष-दोन वर्षे हा पातळ पडदा सूर्याचा काही प्रकाश परत फेकत राहतो. १८१५च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातला तांबोरा फुटला आणि १८१६ साली पश्चिम युरोपात व उत्तर अमेरिकेच्या ईशान्येला उन्हाळा जवळजवळ आलाच नाही. ते थेंब शेवटी खाली येतात तेव्हा ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या बर्फावरही पडतात आणि त्या वर्षीच्या हिमथरात बंद होतात. हिमगाभा काढून त्यातले थर मोजत खाली गेले की आम्लाचा असा ठसा कोणत्या सालचा ते बऱ्याच नेमकेपणाने कळते. इ.स.पू. २९००च्या आसपास असा ठळक ठसा आहे. जर्मनीत आयफेल भागातल्या जुन्या सरोवरांच्या तळाशी दरवर्षीचा गाळ पानासारखा एकावर एक बसलेला आहे. तोही त्या काळी ऊन कमी पडल्याचे सांगतो. आणि झाडांच्या वार्षिक वलयांत वसंत-उन्हाळ्यात पडलेल्या हिमाच्या खुणा आहेत. बर्फ, गाळ आणि लाकूड या तिघांची एकमेकांशी ओळख नाही, म्हणून त्यांची साक्ष जुळते तेव्हा तिला वजन येते.

पण इथेच दुसरा आक्षेप उभा राहतो, आणि तो पहिल्याहून अवघड आहे. बर्फ वर्षाच्या भाषेत बोलतो. चरातले हाड दशकांच्या, कधी शतकाच्या भाषेत बोलते. कार्बन-१४ पद्धतीने हाडाचे किंवा धान्याचे वय काढले की एक साल मिळत नाही, एक पट्टा मिळतो. मग एका उद्रेकाची आणि एका पुरण्याची गाठ मारायची तरी कशी? उद्रेकाआधी पन्नास वर्षे दगड पुरले गेले नसतील कशावरून? याला निखळ उत्तर नाही, पण योगायोगाची किंमत मोजता येते. सहाशे वर्षे वापरात असलेल्या चरांत असे दगड एका लहान कालखंडात एकदम दिसतात, त्याआधी त्यांची परंपरा नाही आणि नंतरही ती पुढे चालत नाही. तो कालखंड आणि हवामानाचा आघात एकाच जागी येऊन पडतात. त्यातून कारण सिद्ध होत नाही. पण कारण शोधणाऱ्याने आधी कुठे बघावे ते ठरते. शिवाय याच प्रदेशातले दुसरे उदाहरण आहे. इ.स. ५३६मध्ये सूर्य महिनोन्‌महिने निस्तेज राहिल्याचे भूमध्य सागराच्या काठच्या लेखकांनी लिहून ठेवले आहे. बर्फातला ज्वालामुखीचा ठसाही त्या सालाशी जुळतो. स्कँडिनेव्हियात सहाव्या शतकात सोन्याची पदके मोठ्या प्रमाणावर जमिनीत पुरली गेली, आणि त्यांचा या मंद सूर्याशी संबंध असावा असे डॅनिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टन आक्सबो यांनी मांडले आहे. साडेतीन हजार वर्षांचे अंतर आहे, त्यामुळे हा पुरावा नव्हे. पण तिथल्या माणसाला झाकोळलेला सूर्य जाणवतो आणि त्यावर तो मौल्यवान वस्तू जमिनीला देऊन उत्तर देऊ शकतो, एवढे त्यातून दिसते.

तिसरा आक्षेप असा की त्या शतकात संकटे एकटी नव्हती. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या १०८ जणांच्या अवशेषांतला डीएनए २०२४ साली तपासला गेला, तेव्हा त्यांतल्या १८ जणांच्या अवशेषांत प्लेगचे जंतू मिळाले. थोड्याच काळात गवताळ प्रदेशातून आलेले नवे लोक डेन्मार्कभर पसरले आणि जुनी लोकसंख्या बव्हंशी नाहीशी झाली. मग ज्वालामुखीच का? माझे उत्तर असे की संकट निवडण्याची सक्ती आपल्यावर नाही, पण अर्पणाचा विषय त्या माणसांनी स्वतः निवडला आहे. रोगासाठी दिलेल्या अर्पणात शरीर अपेक्षित असते. रोमन काळात रोगमुक्तीसाठी पाय, डोळे, हात यांच्या प्रतिमा वाहिल्या जात. इथे शरीर नाही. पीक, बांध आणि किरण आहेत. आणि फक्त बॉर्नहोमवरच का, या प्रश्नाचे उत्तर बेटाच्या पोटात आहे. लेसो आणि रिस्पेब्यर्गजवळची ओलेओ या दोन नद्यांच्या काठीच प्राचीन काळ्या शेलचे थर उघडे पडले आहेत. ओरखडा ओढला की चित्र उमटेल असा दगड इथे पायाखाली होता. फ्यून बेटावर किंवा स्वीडनच्या स्कोने प्रांतात चकमक भरपूर आहे, पण चकमकीवर सहज कोरता येत नाही. तिथल्या लोकांनी हेच लाकडावर किंवा चामड्यावर केले असेल तर ते आज आपल्या हाती लागणार नाही. दगड बॉर्नहोमचे आहेत म्हणून भक्तीही बॉर्नहोमपुरतीच होती, असे म्हणता येत नाही.

चर बुजवल्यावर काय झाले ते माझ्या मते निर्णायक आहे, आणि नेमका तोच भाग बातम्यांतून गळाला. त्याच काळात, इ.स.पू. २९०० ते २७००च्या सुमारास, वासागोर आणि रिस्पेब्यर्ग येथे मेढेकोट उभे राहिले : मेढ्या शेजारी शेजारी पुरून केलेल्या लाकडी कुंपणांच्या एकामागे एक रांगा. त्यांच्या आत घराएवढी गोल लाकडी बांधकामे होती, ज्यांत कोणी राहत नसे. आज जमिनीवर यांतले काहीच दिसत नाही. रिस्पेब्यर्गला डोळ्यांना दिसतो तो लोहयुगातला मातीचा तट, जो पुष्कळ नंतरचा. लाकूड कुजून जाते, पण खांबासाठी खणलेला खळगा कुजत नाही. वरचा नांगरटीचा थर अलगद सोलून काढला की पिवळसर मातीत गर्द गोल डाग दिसू लागतात. प्रत्येक डाग म्हणजे एक खांब; डागाचा मधला अधिक काळा भाग म्हणजे खांब स्वतः, भोवतालचा फिका भाग म्हणजे त्याच्याभोवती ठासलेली माती. इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात झोपड्यांचे आराखडे असेच खांबांच्या खळग्यांवरून कळले होते, आणि बॉर्नहोमला कुंपणाच्या रांगा अशाच ओळखल्या गेल्या. कधी खळग्यात फक्त माती नसते. चकमकीच्या कुऱ्हाडींचे तुकडे असतात, आगीत पांढरे पडलेले, बारीक चिरांनी भरलेले. घासून-पुसून तयार केलेली कुऱ्हाड हे त्या काळच्या सर्वांत मौल्यवान अवजारांपैकी एक. ती मुद्दाम आगीत घालून नासवली आणि मग अर्पण केली. स्वीडनमध्ये स्कोनेच्या डोशेब्रू येथल्या मेढेकोटातही जळालेल्या कुऱ्हाडी आहेत. याच प्रांतात हिलिए आणि बुंकेफ्लोस्ट्रांड येथेही मेढेकोट सापडले आहेत. म्हणजे हे एका बेटाचे वेड नव्हते. लाकडी वर्तुळांची कल्पना पुढेही टिकली. डेन्मार्कच्या उत्तर जटलंडमध्ये ओर्स येथे सुमारे ३० मीटर व्यासाचे, किमान ४५ खांबांचे वर्तुळ सापडल्याचे २०२५ साली जाहीर झाले, ते इ.स.पू. २६०० ते १६०० या दरम्यानचे धरले जाते.

एवढे लाकूड तोडायला काय लागते याचा अंदाज डॅनिश शास्त्रज्ञांनी स्वतः घेतला आहे. १९५०च्या दशकात ड्राव्हेडच्या अरण्यात योहानेस इव्हर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संग्रहालयातली खरी नवाश्मयुगीन चकमकीची पाती दांड्यांना बसवली आणि झाडे पाडायला घेतली. खांद्यातून जोरात घाव घातले की पाते तुटे. कोपरातून छोटे, भराभर घाव घातले की चाले. पद्धत जमल्यावर एका पात्याने धार न लावता शंभराहून अधिक झाडे पाडली. तेव्हा मेढेकोट अशक्य नव्हता. पण तोड झाल्यावर ओंडके वाहून आणायचे, टोके जाळून-तासून नीट करायची, खळगे खणायचे, खांब उभे करून ठासायचे. हे काम पेरणी-कापणीतून सुटलेल्या अनेक हातांचे आणि त्या हातांना महिनोन्‌महिने खाऊ घालणाऱ्या कणग्यांचे आहे. उपाशी गाव मेढेकोट बांधत नाही. चर बंद झाले आणि त्यांच्या जागी एवढे प्रचंड बांधकाम आले, तर मधे कणग्या पुन्हा भरल्या असल्या पाहिजेत. म्हणूनच मला चरातले दगड संकटाच्या शेवटाशी जुळतात असे वाटते. फेडल्यावर व्यवहार पुरा होतो, आणि पुरा झालेला व्यवहार बुजवून बंद करता येतो.

याला विरोध करणारे दोन मुद्दे मी टाळणार नाही. एक, भीतीनेही माणसे बांधतात. दुष्काळात किंवा साथीत देवळे, भिंती उभ्या राहिल्याची उदाहरणे आहेत. हे खरे, पण अशी बांधकामे करणाऱ्यांच्या मागे दुरून धान्य आणू शकणारे राज्य असते. बॉर्नहोमला असे राज्य नव्हते, समुद्र होता. मात्र दगड आणि मेढेकोट यांच्यात दोन-तीन पिढ्यांचे अंतर असल्याचे पुढे दिसले, तर माझा हा युक्तिवाद ढिला पडेल, हे मान्य केले पाहिजे. दुसरा मुद्दा जास्त खोल आहे : मागणेसुद्धा वस्तू मागे ठेवते. इंग्लंडमधल्या बाथच्या पवित्र झऱ्यात रोमन काळातले शिशाचे सुमारे १३० पत्रे सापडले आहेत. त्यांवर सुलिस मिनर्व्हा देवीकडे चोरांना शासन करण्याची मागणी लिहिली आहे. ही अर्पणे नवस बोलतानाची आहेत, फेडतानाची नाहीत. तेव्हा शेलवरचा सूर्य हाही मागणीचा पत्रा असू शकतो. पण रोमन जगातच याच्या उलट बाजूचा पुरावा कितीतरी मोठा आहे. ‘नवस आनंदाने, रीतीप्रमाणे फेडला’ असे कोरलेल्या वेदी साम्राज्यभर हजारोंनी सापडतात. त्या वेदींमागचा बोललेला नवस मात्र सहसा शिल्लक नसतो, कारण तो हवेत बोलला गेला. मातीत जे टिकते त्यात फेडलेल्याचा वाटा मुळातच मोठा असतो. वासागोरला अक्षरे नाहीत, म्हणून एकेका दगडावरून निकाल लागत नाही. क्रमावरून लागू शकतो.

आणि एक पुरावा असा आहे जो माझ्या विरुद्धही जाऊ शकतो : जेवणावळीतली हाडे. मेजवानी झाली म्हणजे गावाकडे भरपूर होते, असे पटकन वाटते. शेतकरी असे म्हणणार नाही. उन्हाळा थंड गेला, गवत वाढले नाही, चारा साठला नाही, तर हिवाळ्यात जनावरे मरू देण्यापेक्षा ती शरद ऋतूतच कापावी लागतात. अशा वर्षी मांस पोटभर मिळते आणि पुढच्या वर्षी गोठा रिकामा असतो. मेजवानी आणि हलाखी एकाच हाडांच्या ढिगात सारखीच दिसतात. तरी त्यांच्यात फरक करता येतो. चाऱ्याअभावी कापलेल्या कळपात एरवी राखल्या जाणाऱ्या तरण्या गायी आणि दुभती जनावरेही जातात. सुकाळातल्या मेजवानीत पोसलेले, कापण्याच्या वयाचे नर अधिक असतात. दात झिजल्यावरून जनावराचे वय कळते. दाताच्या मुळावर दर ऋतूत चढणारे पातळ थर सूक्ष्मदर्शकाखाली मोजले की ते हिवाळ्याच्या तोंडावर मेले की वसंतात, तेही सांगता येते. वासागोरच्या चरांतून सूर्यदगडांशेजारी जी हाडे निघाली, त्यांतल्या गुरांच्या जबड्यांना हा प्रश्न विचारायचा आहे : या गायी तरण्या होत्या का, आणि त्या कोणत्या ऋतूत कापल्या गेल्या?